पुरस्कारांची यादी आणि तुझी श्रेयनामावली

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले आणि वहीच्या तीन पानांवर तू उतरवून पाठवलेली चित्रपट दिग्दर्शक राजकुमार हिरानी यांच्या पुरस्कारांची यादीही मिळाली. कळमन्याच्या घाऊक बाजारातल्या हमालांवर तू केलेल्या चौदा मिनिटांच्या लघुपटाला इथल्या स्पर्धेत केवळ ‘विशेष उल्लेख’ मिळाला, याचे तुला फार वाईट वाटले आहे, आणि त्या दुःखातूनच ही यादी तयार झाली आहे, हे मला समजले. आपल्याच गावात वाढलेल्या माणसाने एवढे मिळवले, मग माझे काय चुकले, असे तू विचारले आहेस. तुझा प्रश्न मनापासून आलेला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की तू यादी उतरवून काढलीस, पण वाचली नाहीस. पुरस्काराच्या नावात एक पूर्ण वाक्य दडलेले असते: कोणी दिला, कोणत्या कामासाठी दिला आणि कोणाकोणाला मिळून दिला. तू यांपैकी फक्त वर्ष आणि चित्रपटाचे नाव ठेवलेस, बाकीचे गाळलेस. मी गेले दोन दिवस तुझ्या यादीसमोर बसून ते गाळलेले पुन्हा भरले आहे.

आरंभ यादीच्या आधीपासून करू, कारण तुझ्या पहिल्या ओळीत २००३ साल आहे आणि त्याआधीचे काहीच नाही. हिरानी यांचा जन्म १९६२ चा. त्यांचे वडील नागपुरात टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवत. तुझ्या पिढीने टायपिंग इन्स्टिट्यूट पाहिलेली नाही, पण ओळीने मांडलेली यंत्रे, त्यांचा एकसुरी कडकडाट आणि परीक्षेच्या वेगासाठी घामाघूम झालेली मुले हे आमच्या तरुणपणीच्या नागपूरचे नेहमीचे दृश्य होते. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला हा मुलगा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि तिथे त्याने संकलनाचा अभ्यासक्रम केला. त्यानंतर बरीच वर्षे जाहिरातींची आणि संकलनाची कामे चालली. २००० साली आलेल्या ‘मिशन कश्मीर’चे संकलन त्यांचे आहे. स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, ‘मुन्नाभाई एमबीबीएस’, डिसेंबर २००३ मध्ये आला, तेव्हा त्यांनी वयाची एक्केचाळीस वर्षे पूर्ण केली होती. तू बावीस वर्षांची आहेस. हे तुला धीर देण्यासाठी लिहीत नाही. त्या मधल्या वर्षांत संकलनाच्या टेबलावर काय शिकून झाले असेल, याचा तू विचार करावास म्हणून लिहितो. दुसऱ्याने चित्रित केलेले तासन्‌तास पाहून त्यातले काय टाकायचे हे ठरवणारा माणूस पुढे स्वतः चित्रीकरण करतो, तेव्हा त्याच्या हातात कात्री आधीपासून असते. तुझ्या लघुपटात लिलावाचे दृश्य तीन मिनिटे चालते. ते दीड मिनिटांचे असते, तर परीक्षकांनी ‘विशेष उल्लेखा’पाशी थांबण्याआधी आणखी एकदा विचार केला असता, असे मला वाटते.

आता यादीकडे येतो. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार तू ‘सर्वोत्तम चित्रपट’ म्हणून लिहिला आहेस, ते बरोबर नाही. तो निखळ मनोरंजन देणाऱ्या सर्वोत्तम लोकप्रिय चित्रपटाचा पुरस्कार होता. ही वेगळी श्रेणी आहे आणि तिची कसोटीही वेगळी आहे. त्याच वर्षी, म्हणजे एक्कावन्नाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत, सर्वोत्तम कथाचित्राचे सुवर्णकमळ मिळाले ते आपल्या मराठीतल्या ‘श्वास’ला, १९५३ च्या ‘श्यामची आई’नंतर मराठीला तो मान पन्नास वर्षांनी मिळत होता. एकाच वर्षी, दोन वेगळ्या प्रश्नांना दोन चित्रपटांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत, आणि एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘३ इडियट्स’ यांनाही लोकप्रिय चित्रपटाचाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शनाच्या पहिल्या तिन्ही चित्रपटांना तीच श्रेणी मिळाली, यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते: या माणसाला आपण कोणासाठी चित्रपट करतो हे पक्के ठाऊक होते. तुझ्या लघुपटाचा प्रेक्षक कोण, हे तू मला अजून सांगितलेले नाहीस. कळमन्याचा हमाल तो पाहील का?

फिल्मफेअरच्या नोंदीही अशाच नीट वाच. २००४ साली ‘मुन्नाभाई’ला समीक्षकांच्या पसंतीचा सर्वोत्तम चित्रपट आणि पटकथा असे पुरस्कार मिळाले, पण मुख्य चित्रपटाचा आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार दुसऱ्यांकडे गेला. ‘लगे रहो’लाही समीक्षकांचाच पुरस्कार मिळाला, मुख्य पुरस्कार ‘रंग दे बसंती’ने नेला. दिग्दर्शनाचा फिल्मफेअर हिरानींना मिळाला तो २०१० साली, ‘३ इडियट्स’साठी, म्हणजे तिसऱ्या चित्रपटाला. आणि २०१४ च्या ‘पीके’चे उदाहरण तर तू मुद्दाम लक्षात ठेव. तिकीटबारीवर त्याने प्रचंड यश मिळवले, हिरानी स्वतः त्याचे एक निर्माते होते, तरी त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ‘क्वीन’ ठरला आणि ‘पीके’कडे आले पटकथेचे आणि संवादांचे पुरस्कार. लेखनाला मिळालेला सन्मान तू यादीत सगळ्यांत खाली लिहिला आहेस. मी असतो तर तो पहिल्या ओळीत लिहिला असता, कारण या सगळ्या यादीत सातत्याने परत परत येणारी गोष्ट लेखनच आहे.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘लगे रहो मुन्नाभाई’ला चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, असे तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस. ते कोणाचे आहेत ते बघ. लोकप्रिय चित्रपटाचा पुरस्कार निर्माते विधू विनोद चोप्रा आणि दिग्दर्शक हिरानी या दोघांना मिळून आहे. पटकथेचा पुरस्कार अभिजात जोशी, हिरानी आणि चोप्रा या तिघांचा आहे; त्यांपैकी जोशी अमेरिकेत ओहायोमधल्या विद्यापीठात अध्यापन करणारे. गीतलेखनाचा पुरस्कार स्वानंद किरकिरे यांना ‘बंदे में था दम’साठी, आणि सहायक अभिनेत्याचा दिलीप प्रभावळकर यांना. प्रभावळकरांच्या मानपत्रात तर ‘लगे रहो’तल्या गांधीजींबरोबर मराठी ‘शेवरी’तल्या भूमिकेचाही उल्लेख आहे, म्हणजे त्या एका पुरस्कारात दोन भाषा आणि दोन दिग्दर्शकांचे काम सामावले आहे. पुढे ‘३ इडियट्स’च्या वेळी किरकिऱ्यांना पुन्हा गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ध्वनीच्या अंतिम मिश्रणासाठी अनुप देव यांना मिळाला. ज्याला तू एका माणसाची यादी म्हणतेस, ती अर्ध्याहून अधिक दुसऱ्यांच्या नावांनी भरलेली आहे. हिरानींचे मोठेपण मला तिथे दिसते: त्यांच्या चित्रपटात गीतकाराला, नटाला, ध्वनीच्या माणसाला आपले सर्वांत चांगले काम करायला जागा मिळाली, आणि ते काम देशाने नाव घेऊन ओळखले.

आता मन घट्ट करून तुझी श्रेयनामावली पुन्हा बघ. लेखन तुझे, दिग्दर्शन तुझे, छायाचित्रण तुझे, संकलन तुझे, निर्मिती तुझी, संकल्पनाही तुझी. तुझे नाव सहा वेळा पडद्यावर येते. मृग बहाराची संत्री आली होती, पहाटेच्या लिलावात अडत्यांचा पुकार, क्रेटांची आदळआपट आणि हमालांचा श्वास असे तिन्ही आवाज वेगवेगळे ऐकू येतात, आणि मला विचारशील तर तेच तुझ्या लघुपटातले सर्वांत चांगले काम आहे. ते कोणी केले? तुझ्या पत्रात ओझरता उल्लेख आहे, की वर्गातला एक मुलगा रोज पहाटे चारला माइक घेऊन यायचा. श्रेयनामावलीत त्याचे नाव नाही. तुझ्या मामांनी कॅमेऱ्याच्या भाड्याचे पैसे दिले, त्यांचेही नाव नाही, आणि निर्माता म्हणून तू स्वतःला लिहिलेस. ज्या हमालाच्या घरी तू दोन दिवस जेवलीस, तो तर ‘आभार’ या शब्दातही नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. माझ्या हातूनही एकदा मोठी चूक झालेली आहे, म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयीन लघुपटांच्या एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका लघुपटातील ध्वनीचे काम इतके उत्तम होते, की त्याला वेगळे बक्षीस द्यावे असे आम्हा तिघा परीक्षकांचे ठरले होते. ऐन वेळी आयोजकांनी सुचवले, की त्या महाविद्यालयाला आधीच एक बक्षीस जात आहे, तेव्हा हे दुसरीकडे वळवावे म्हणजे सर्वांना समाधान मिळेल. मी कागदावर सही केली. त्या मुलाला ते कधीच कळले नाही, आणि मला मात्र ते अजून आठवते. तेव्हापासून बक्षीस मिळाले म्हणून काम चांगले किंवा हुकले म्हणून वाईट, असे मी मानत नाही. परंतु ज्याने काम केले त्याचे नाव कागदावर असलेच पाहिजे, याबाबत मी फार आग्रही झालो आहे, कारण नावच नसेल तर पुरस्कार द्यायची इच्छा असलेल्या माणसालाही तो देता येत नाही.

तू विचारलेल्या त्या परदेशी महोत्सवाबद्दल थोडक्यात सांगतो. दर महिन्याला विजेते जाहीर करणारे, प्रत्येक श्रेणीसाठी वेगळे शुल्क मागणारे आणि पोस्टरवर लावायला लॉरेलच्या पानांचे विजयचिन्ह पाठवणारे असे पुष्कळ महोत्सव आज चालतात. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी तपास: परीक्षकांची नावे जाहीर आहेत का, चित्रपट खऱ्या सभागृहात दाखवला जातो का, आणि मागच्या वर्षी निवडलेले लघुपट पुढे कुठे गेले. उत्तरे मिळाली नाहीत तर ते पैसे मामांना परत कर. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी नॉन-फीचर, म्हणजे लघुपट-माहितीपटांच्या विभागात पाठवायचे असेल, तर त्या कॅलेंडर वर्षातले सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा त्याची तयारी आतापासूनच करावी लागेल. आणि निकालाची वाट पाहत बसू नकोस. सप्टेंबर २००६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘लगे रहो’चे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले ते २००८ साली.

त्या दोन वर्षांत मात्र दुसरे काही घडून गेले होते, ते तुझ्या यादीत मावणारे नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये तो चित्रपट संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात दाखवला गेला. त्याहून मोठे म्हणजे ‘गांधीगिरी’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला, आणि माणसे तक्रारीच्या अर्जासोबत फुले पाठवू लागली. आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर सेवाग्राम आहे. मी तिथे अनेकदा गेलो आहे, आणि त्या काळात कुटीसमोर शांत उभी असलेली तरुण मुले आपसात हा शब्द बोलताना मी स्वतः ऐकली आहेत. त्यांतल्या कोणालाही दिग्दर्शकाचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती.

तुझ्या लघुपटात दम आहे, बेटा. पाठीवरचे ओझे उतरवल्यावर तो म्हातारा हमाल काही क्षण वाकलेलाच राहतो, ते दृश्य मी विसरू शकत नाही. तेवढ्यासाठी तरी पुढच्या ठिकाणी पाठवण्याआधी लिलावाचे दृश्य कापून बघ आणि श्रेयनामावली नव्याने लिही. येत्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास घरी ये, आपण दोन्ही प्रती मोठ्या पडद्यावर एकापाठोपाठ एक बघू. त्या माइकवाल्या मुलालाही बरोबर घेऊन ये. एवढ्या गोंगाटात त्याने माणसाचा श्वास कसा वेगळा पकडला, हे मला त्याच्याकडूनच ऐकायचे आहे.

तुझा,
काका