बोटींच्या वर्दळीमुळे डॉल्फिनचे वागणे बदलते का, आणि त्यांच्या संरक्षणासाठी कोणते नियम आहेत?

हो, बदलते, आणि सर्वांत मोठा फटका त्यांच्या विश्रांतीला बसतो. बोट जवळ येताच संथपणे पोहणारा कळप दाटीने एकत्र येतो, दिशा बदलतो किंवा अधिक वेळ पाण्याखाली राहतो, इंजिनाच्या आवाजात त्यांच्या परस्परांना साद घालणाऱ्या शिट्ट्या दबून जातात आणि पिलाला दूध पाजणाऱ्या मादीची शक्ती दूर सरकण्यातच खर्ची पडते. हे परिणाम दीर्घकाळ टिकतात: ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पर्यटक बोटी वाढलेल्या भागात डॉल्फिनची संख्या घटल्याचे आढळले. नियम देशागणिक वेगळे आहेत. न्यूझीलंडच्या १९९२ च्या नियमांनुसार डॉल्फिनपासून ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा अधिक बोटी नेता येत नाहीत. हवाईमध्ये दिवसा किनाऱ्याजवळ विसावणाऱ्या स्पिनर डॉल्फिनच्या सुमारे ४५ मीटरच्या आत जाण्यास २०२१ पासून मनाई आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मात्र, काही डॉल्फिन बोटीच्या पुढच्या टोकापाशी उठणाऱ्या लाटेवर स्वार होण्यासाठी आपण होऊन बोटीकडे येतात. अशा वेळी वेग आणि दिशा स्थिर ठेवावी, पण त्यांनी पाठ फिरवल्यावर पाठलाग मुळीच करू नये.