नागमोडी नळ्या कशासाठी?

प्रश्न : इथे एका संग्राहकाकडे जुनी हेचिन्स सायकल पाहिली. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या चक्क नागमोडी! ही नुसती सजावट का?
– एक वाचक, लंडन

उत्तर : या वळणांमुळे हादरे कमी बसतात, असा कंपनीचा दावा होता. मला तो पटत नाही. या नळ्यांनी बनलेला फ्रेमचा मागचा त्रिकोण ताठच असतो. हादरे टायर सोसतो. मात्र १९३०च्या दशकात ब्रिटनमधल्या हौशी स्पर्धकांना सायकलीची जाहिरात करायला मनाई होती. नाव झाकले तरी ही वळणे लांबून ओळखू येत.

पुन्हा गेलात तर सांधे जरूर बघा, माझा जीव तिथे अडकतो! नळ्या पोलादी लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या बाहीसारख्या तुकड्यात, बसवून फटीत वितळलेले पितळ ओढून घेतात. पितळ ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पोलादाला १४००च्या वर लागतात, म्हणून नळी शाबूत राहते. तरी आच जास्त झाली की पातळ नळी कमजोर होते. हेचिन्सच्या लगवर वेलबुट्टी असे; तिच्या प्रत्येक टोकापर्यंत पितळ पोहोचवणे महाकठीण.

फ्रेमवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ दिसले, तर ती नळीची ओळख. १९३५ साली आलेली ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी कितीतरी कारागीर वापरत.