नुसतं मागं जायचं

"मॅडम, पोरगं हातातनं चाललंय. रात्र-रात्र त्या गेममदी माणसं मारतंय, गाड्या पळवतंय. उद्या खरंच कुणाचं डोस्कं फोडलं तर आम्ही कुठं जायाचं?"

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत धड बसायच्या आधीच वडील एवढं बोलून मोकळे झाले. दुचाकीचं गॅरेज चालवणारा माणूस. नखांच्या कडेला बसलेलं काळं ऑइल कुठल्याच साबणानं जात नाही, तसे हात. शेजारी बायको, आणि दोघांपासून एक खुर्ची सोडून 16 वर्षांचा मुलगा. नुकताच अकरावीत गेलेला.

हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. गेमचं नाव बदलतं, काळजी तीच: मारामारीचे गेम खेळून मूल गुंड होईल का? म्हणून ही केस लिहिते आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. गेम मात्र बदललेला नाही, कारण त्याला वगळून ही गोष्ट सांगताच येत नाही.

आधी सरळ उत्तर देते. गेममुळे मुलं गुन्हेगार होतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. आरडाओरडा, ढकलाढकली अशा किरकोळ आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसेचं खापर गेमवर फोडता येत नाही, असा त्यांचा सूर होता. 2018 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तर काही लोकांना दोन महिने रोज ग्रँड थेफ्ट ऑटोचा पाचवा भाग खेळायला लावला. त्यांची आक्रमकता वाढलेली दिसली नाही. पण ते सगळे प्रौढ होते. अकरावीतल्या पोराला तो निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवू नये, हेही मी पालकांना सांगते. गेमचं व्यसन ही वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, 2022 पासून लागू झालेल्या आवृत्तीत, ते आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागं पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं हे साधारण वर्षभर दिसावं लागतं. परीक्षेच्या तोंडावर चार रात्री जागला म्हणून कोणी व्यसनी ठरत नाही.

आईनं मध्येच विचारलं, "सरकारनं बंदी आणली म्हणं ना गेमवर?" ती 2025 च्या कायद्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. या घरात पैशाचा प्रश्न नव्हता. जुना कॉम्प्युटर, जुना गेम, इंटरनेट नसलं तरी चालणारा.

आईनं जाता जाता आणखी एक वाक्य टाकलं. "तसं हाक मारली की लगेच ओ देतो हो. एकाच कानाला लावतो ते हेडफोन. मी दोनला पाणी प्यायला उठतो, तवाबी 'काय गं आई' म्हणतंय." मी ते वहीत लिहून घेतलं, चांगल्या बाजूच्या रकान्यात. मूल घरच्यांशी तुटलेलं नाही, असा त्याचा अर्थ लावला आणि पुढं गेले.

दुसऱ्या भेटीला मुलगा एकटा आला. किती तास खेळतोस, कधीपासून, शाळा-कॉलेज कसं, असे माझे ठरलेले प्रश्न सुरू झाले आणि तो पोलीस चौकीत बसल्यासारखा उत्तरं देऊ लागला. चार तास. कधी पाच. बरंय. शेवटी मी पेन ठेवलं आणि म्हटलं, "त्यात गोष्ट काय आहे ते तरी सांग."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "गेममध्ये गोष्ट असते, हे माहितीय तुम्हाला?"

"नाही. म्हणून विचारते."

मग पाऊण तास मी ऐकत बसले. मूळ गेम 2008 चा, त्याच ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतला चौथा. न्यूयॉर्कच्या साच्यातलं लिबर्टी सिटी नावाचं शहर आणि त्यात परदेशातून आलेला निको. पण हा खेळत होता ती त्या गेमची पुरवणी. "परीक्षेत मेन पेपर संपला की पुरवणी घेतो की नाही, तशी," हे स्पष्टीकरण त्याचंच. 'द लॉस्ट अँड डॅम्ड' असं तिचं नाव, फेब्रुवारी 2009 मध्ये आलेली. "मी आणि हा गेम एकाच वर्षाचे." शहर तेच, दिवसही तेच, फक्त माणूस दुसरा. मूळ गेममध्ये जो मध्येच कुठेतरी दिसून जातो, त्या जॉनीची ही गोष्ट. मूळ कथेतला हिऱ्यांचा एक सौदा इथं जॉनीच्या बाजूनं दिसतो, आणि त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या पुरवणीत तिसऱ्याच माणसाच्या बाजूनं. हे सांगताना त्याचे हात हवेत नकाशा काढत होते. खरं सांगते, मलाही मजा आली. एकच प्रसंग तीन जणांच्या डोळ्यांनी बघणं, आमच्या धंद्यात याहून वेगळं काय असतं?

जॉनी हा मोटरसायकलवाल्यांच्या टोळीतला दोन नंबरचा. एक नंबरचा बिली कोर्टाच्या हुकुमानं व्यसनमुक्तीला गेलेला असतो. तो नसताना जॉनी टोळी चालवतो, विरोधी टोळीशी तह करतो, सगळं बऱ्यापैकी मार्गाला लावतो. "आणि मग बिली परत येतो. आल्या आल्या विचारतो, माझी गाडी कुठाय? आणि सगळा तह मोडतो."

शेवटची दोन वाक्यं त्यानं नकाशा न काढता सांगितली.

मी विचारलं, "तुमचं गॅरेज कोण चालवतं?"

"पप्पा." जरा थांबून, "आता."

त्या 'आता'मधून बाकीचं हळूहळू बाहेर आलं. पहिल्या भेटीत वडील म्हणाले होते, मध्ये जरा बाहेरगावी होतो. ते चार महिने बाहेरगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात होते. दारू. ते नसताना शटर उघडायचा हा. दहावीची परीक्षा त्यातच दिली. पंक्चर, ऑइल बदल, क्लच केबल, चेन-स्प्रॉकेट याला येत होतं. इंजिन खोलायचं काम आलं की दोन दुकानं सोडून जे दुसरं गॅरेज आहे तिकडं गाडी ढकलत न्यायचा, मजुरी अर्धी-अर्धी. उधारीची वही याच्याकडं. हाताखालच्या पोराचा पगार याच्याकडं. वडील परत आले त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या दारातली गाडी त्या दुसऱ्याच्या दारात उभी बघितली आणि भर रस्त्यात दोघांनाही झापलं. दुसऱ्या दिवसापासून हा खाली गॅरेजमध्ये उतरला नाही. घर गॅरेजच्या वरच आहे.

"आणि गेमचा शेवट काय होतो?" मी विचारलं.

"बिली तुरुंगात जातो. तिथं सरकारी साक्षीदार व्हायला निघतो. मग जॉनी आणि त्याची माणसं तुरुंगात घुसून त्याला मारतात. परत येऊन स्वतःचाच अड्डा जाळतात."

मी गप्प बसले. गप्प बसण्याच्या वीस-बावीस वर्षांच्या सवयीनंही चेहरा लपला नसावा.

"ओ मॅडम," तो म्हणाला, "मी काय पप्पांना मारणार न्हाई. गेम हाय तो."

मला लाज वाटली. बापाला मी मागच्या भेटीत जे समजावत होते, तेच मला या पोरानं समजावलं. पण लाज वाटली तरी मी दुसरी चूक केलीच. मला वाटलं, गणित सुटलं. पोरानं गॅरेज सांभाळलं, त्याची किंमत कोणी केली नाही, त्याला त्याचा मान परत हवा आहे. वडिलांना बोलावून मी तेच सांगितलं. माणूस मनाचा मोठा. खंडेनवमीला पाने-पकडी मांडून पूजा असते, ती त्यांनी मुलाच्या हातून करवली, आणि हाताखालच्या पोरासमोर, शेजारच्या दुकानदारासमोर शटरची किल्ली त्याच्या हातात दिली. फोटो काढला. आईनं तो मला पाठवला. त्यात मुलगा हसतोय, पण किल्ली धरलेला हात पाठीमागं आहे.

त्या रात्री किल्ली फ्रिजवर ठेवून तो तीनपर्यंत खेळला.

तिसऱ्या भेटीत मी काही सुचवायचं नाही असं ठरवून बसले. म्हटलं, खेळताना सगळ्यात जास्त काय आवडतं? मला वाटलं मारामारी सांगेल, नाहीतर पळवापळवी. तो म्हणाला, "ओळीनं जायचं असतं ते." टोळी मिळून निघाली की पुढच्या गाडीच्या मागं रस्त्यावर टोळीचं चिन्ह दिसतं. आपली गाडी त्या चिन्हावर ठेवायची. तेवढं जमलं की मोडलेली गाडी आपोआप दुरुस्त होत जाते, आपला जीवही भरत जातो. मागं-पुढं सगळे गप्पा मारत असतात. "काही करायचं नसतं बघा. नुसतं मागं जायचं."

याला किल्ली नको होती. चार महिने पुढं राहून पोरगं दमलं होतं. त्याला परत कुणाच्या तरी मागं जायचं होतं, आणि पुढं जो होता तो कधी पडेल याचा भरवसा नव्हता.

"मग दुपारी का नाही खेळत? रात्रीच का?"

"पप्पा रात्री उठतात."

"मग?"

"आधी उठले की खाली जायचे. गॅरेजमध्ये ठेवलेली असायची. आता उठून पाणी पितात." खुर्चीच्या हातावर तो नखानं रेघ ओढत होता. "पण कळायला नको?"

वहीतलं आईचं वाक्य मी परत काढून बघितलं. चांगल्या बाजूच्या रकान्यात. एकाच कानाला हेडफोन. दुसरा कान जिन्याकडं होता.

दारुड्याच्या घरातली मुलं पावलांच्या आवाजावरून आज किती प्यायलीय ते ओळखतात. दारू सुटली म्हणून हा पहारा आपोआप उठत नाही, उलट सुटल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत जास्त कडक होतो, कारण आता गमवायला काहीतरी असतं. हे मला पुस्तकातून नाही, डझनभर घरांतून माहीत होतं. तरी दिसलं नाही. कारण गेम दिसत होता. डोळ्यांसमोर एवढा आवाज करणारी गोष्ट असली की तिच्यामागं कोण गप्प बसलंय, हे बघायचं राहून जातं.

वडिलांना सांगू का, असं त्याला विचारलं. म्हणाला, "तुम्ही सांगा. मी बाहेर बसतो."

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला झोप लागत न्हाई. सोडल्यापास्नं न्हाई लागत." दारू सोडल्यावर अशी झोप उडणं कित्येक महिने चालू शकतं, त्यात नवल नाही. "उठून बसावं, पोराशी चार शब्द बोलावं वाटतंय. पण ह्यो गेम खेळत बसलेला दिसला की टाळकं सरकतंय, परत जाऊन पडतो." म्हणजे एका घरात दोन माणसं रात्रभर जागी. एक दुसऱ्याला राखत होता, आणि दुसरा त्याच्यावर चिडून अंथरुणात पडलेला.

गेमविषयी जे सांगायचं ते मी स्पष्ट सांगितलं. युरोपात या गेमवर 18 वर्षांचा शिक्का आहे आणि तो उगाच नाही. याच्या वयाला तो गेम नव्हे. पण आज कॉम्प्युटर उचलला तर तो काळोखात नुसता जागा राहील, आणि ते जास्त वाईट. आधी पहारा उठवू, मग गेमचं बघू. वडिलांनी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जाणं गॅरेजच्या गडबडीत सोडून दिलं होतं, ते परत सुरू केलं. शेजारच्या गॅरेजवाल्याकडं जाऊन काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण इंजिनची कामं परत तिकडं जाऊ लागली.

एक गोष्ट मात्र त्यांनी मी न सांगता केली. एका रविवारी मुलाला खाली नेलं, शटर अर्धं ओढलं आणि बाटल्या लपवायच्या जागा दाखवल्या. जुन्या टायरींच्या मागं. बॅटरीच्या रिकाम्या खोक्यात. आणि भंगारात टाकलेल्या एका स्कूटरच्या डिकीत. पहिल्या दोन मुलाला आधीच माहीत होत्या. तिसरी नव्हती. तिसरी दाखवली त्या रात्री तो साडेअकराला झोपला, असं आईनं मला फोन करून सांगितलं. पुढं आठवडाभर परत जागा राहिलाच. सरळ रेषेत काही होत नाही. डिसेंबरात वडील एकदा घसरले, आणि सकाळी उठून त्यांनी स्वतःच मुलाला तसं सांगितलं. मुलगा तीन दिवस बोलला नाही, पण त्या तिन्ही रात्री झोपला.

आता कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आहे आणि गेम रविवारी दुपारी चालतो. परवा वडील जेवून हात पुसत त्याच्या मागं येऊन उभे राहिले. पडद्यावर गाड्यांची रांग चालली होती.

"ह्यो पुढं कोण?"

"बिली."

"बरा हाय का?"

"न्हाई पप्पा. शेवटी लई वाईट निघतो."

"मग त्येच्या मागं कशाला निघालाईस?"

"अजून सुरुवात हाय," मुलगा म्हणाला आणि गाडी त्या चिन्हावर घेतली. वडिलांनी स्टूल ओढलं.