दोन लहान लेकरं घेऊन अंदमानला जायचंय, हॅवलॉकला राहायची जागा कशी निवडावी?

तुमचा प्रश्न असा आहे: परभणीहून फेब्रुवारीत निघायचंय, थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी सव्वा वर्षाची, हॅवलॉक बेटावर तीन रात्री. जास्तीचे पैसे मोजून वाळूवरचं, समुद्र दिसणारं कॉटेज घ्यावं की रस्त्यापलीकडचं साधं हॉटेल बरं? मी लातूरची, घरचं मेडिकल दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात आम्ही जाऊन आलो. दोन लेकरं जवळपास तुमच्याच लेकरांच्या वयाची, आम्ही दोघं आणि सासूबाई. वाळूवरचंच कॉटेज घेतलं होतं. परत जायची वेळ आली तर घेणार नाही.

फोटोत कॉटेजच्या पायरीपासून वीस पावलांवर निळंशार पाणी होतं. आम्ही पोचलो दुपारी तीनला, नुकतीच पौर्णिमा होऊन गेलेली. सामान टाकायच्या आधीच थोरला पळत बाहेर गेला आणि तसाच माघारी आला. "मम्मी, समुद्र आटला का गं?" बाहेर जाऊन बघते तर पाणी दोन-तीन वावरं ओलांडावीत इतकं आत गेलेलं. मध्ये काळे खडक, शेवाळ, मेलेलं प्रवाळ आणि चिखलात कलंडलेल्या दोन होड्या. लातूरच्या लेकराला दुसरं काय सुचणार? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता, पण आमच्या घरात ती गोष्ट रामायणासारखी सांगतात. आटणं म्हणजे काय हे त्याला पोहण्याआधी कळलंय.

आपण मराठवाड्याची माणसं इथंच फसतो. भरती-ओहोटीचे मार्क भूगोलात मिळवलेले असतात, पण हॉटेल बघताना ती डोक्यात येत नाही. हॉटेलवाले फोटो भरतीच्या वेळचाच टाकतात. त्यांचंही काय चुकलं, आपणही लग्नाचा फोटो तोंड धुऊनच काढतो.

हॅवलॉकचं (कागदोपत्री २०१८ पासून स्वराज द्वीप, पण रिक्षावालासुद्धा हॅवलॉकच म्हणतो) गणित थोडक्यात सांगते. बहुतेक हॉटेलं आणि रिसॉर्टं पूर्व किनाऱ्याला आहेत, गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला. तिथं पाणी उथळ, खाली खडक आणि प्रवाळ. भरतीला दिसायला सुरेख, पण ओहोटीला लेकरू पाण्यात उतरवण्यासारखं राहत नाही, पाय कापतात. राधानगरचा किनारा पश्चिमेला, जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर. तिथं खाली स्वच्छ वाळू आहे, त्यामुळं ओहोटीतही खेळता येतं. पण राहायच्या जागा मोजक्या आणि महाग, आजूबाजूला जंगल, आणि दुकान, दवाखाना, बाजार सगळं लांब.

मग पूर्वेला राहायचंच नाही का? राहा, फक्त तारखा बघून राहा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, आणि रोज ती वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त मागंही जातं. अष्टमीच्या सुमाराला हा फरक कमी, कोकणात त्याला भांगाची भरती म्हणतात. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, पण तो हिशेब त्यांच्या किनाऱ्याचा. अंदमानसाठी पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता) नेटवर बघायचं. आता त्या गावाचं नाव श्री विजयपुरम आहे, पण टेबलं अजून जुन्या नावानंच लवकर सापडतात.

एक मात्र कबूल करते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला ह्याच चिखलानं आमचे दोन तास वाचवले. थोरला उकिडवा बसून शंख घेऊन चालणारे खेकडे बघत होता. एक खेकडा बिचारा शंख बदलायला बघायला लागला, तर हा श्वास रोखून बसला. टीव्हीसमोर एवढा गप्प कधी बसला नाही. तेव्हा ओहोटी वाईट नाही, पण पायात मागं पट्टा असलेल्या रबरी चपला हव्यात, आणि पोहायला मिळेल ही आशा नको.

आता मुख्य गोष्ट. एवढी लहान लेकरं असली की तुम्ही समुद्रावर दिवसाचे तीन-चार तास असता. बाकीचा वेळ खोलीत. अकरा ते तीन ऊन असं असतं की बाहेर काढवत नाही, मग जेवण, मग धाकटीची झोप. आणि संध्याकाळ फार लवकर होते. घड्याळ आपलंच, पण अंदमान आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला. फेब्रुवारीत लातूरला सूर्य सव्वासहाच्या पुढं मावळतो, तिथं साडेपाचच्या आत. सहाला गडद अंधार. लेकरं दिवसभर वाळूत खेळून दमलेली, सातला झोपतात. मग तुम्ही दोघं काय करणार? एकाच खोलीत दिवा बंद करून, आवाज न करता, मोबाइलच्या उजेडात बसणार. आम्ही पहिली रात्र तशीच काढली, मी बाथरूममध्ये बसून आईला फोन केला.

म्हणून माझ्या हिशेबात समुद्र दिसण्यापेक्षा स्वतःचा व्हरांडा मोठा. दार किलकिलं ठेवून बाहेर दोन खुर्च्या टाकता आल्या पाहिजेत. व्हरांड्याला कपडे वाळत घालायला दोरी असावी, नाहीतर आपली घेऊन जा. हे कुणी सांगत नाही. आपल्याकडं फेब्रुवारीच्या उन्हात चादर तासात वाळते, तिथं धाकटीचा झबला दोन दिवस ओलाच. हवेत इतका दमटपणा की सुका कपडासुद्धा हाताला ओलसर लागतो. आणि सकाळी पावणेसहाला लख्ख उजाडतं, पडदे पातळ असले की दोन्ही लेकरं पावणेसहालाच तुमच्या छातीवर. पडदे जाड आहेत का, हा प्रश्न हॉटेलवाल्याला विचित्र वाटेल. तरी विचारा.

बांबूच्या झोपड्या दिसायला गोड आहेत. जोडप्यानं खुशाल राहावं. सव्वा वर्षाच्या मुलीबरोबर मी नाही राहणार. फटींतून डास, पाली, कीटक, आणि पायऱ्यांना कठडा नाही. वीज बेटावर डिझेल जनरेटरवर तयार होते आणि जाते. जनरेटर आहे का विचारलं तर सगळे हो म्हणतात. विचारायचं असं: रात्री वीज गेली तर एसी चालतो की फक्त पंखा अन् दिवा? आमच्याकडं फक्त दिवा चालला. रात्रभर सासूबाई नातीला टॉवेलानं वारा घालत बसल्या.

स्विमिंग पूल असलेलं हॉटेल जरूर बघा, ओहोटीच्या वेळी तो कामाला येतो. पण लेकरांचा उथळ पूल वेगळा आहे का बघा, आणि खोलीचं दार थेट पुलावर उघडणारी खोली घेऊ नका, ती कितीही सजवलेली असो. सव्वा वर्षाची लेकरं दार उघडायला शिकलेली असतात आणि ते आपल्याला त्याच दिवशी कळतं. दाराला वरच्या बाजूला कडी हवी. वरच्या मजल्याची खोली देत असतील तर गॅलरीच्या गजांमधलं अंतर फोटोत मागून घ्या.

बाथरूममध्ये बादली-मग आणि गरम पाणी, हे दोन शब्द फोनवर स्पष्ट उच्चारा. नुसत्या शॉवरखाली सव्वा वर्षाचं लेकरू आंघोळ करत नाही, ते नुसतं ओरडतं. शिवाय सगळ्या अंगाला वाळू. बाहेरच्या बाजूला पाय धुवायला नळ असला तर निम्मं भांडण मिटतं. प्यायचं पाणी मात्र बाटलीचं किंवा फिल्टरचंच. सासूबाई म्हणाल्या, "बाई, चहूकडं एवढं पाणी अन् प्यायला विकतचं!" एवढं बोलून उरलेली बाटली त्यांनी झाडाच्या बुडाशी ओतली, सवयीनं.

जेवणाचं. बुकिंगच्या पानावर सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण. लेकरं असतील तर एमएपी घ्या आणि रात्रीचं जेवण त्यात लावा, कारण अंधारात दोघांना कडेवर घेऊन हॉटेल शोधायला जाववत नाही. जेवणाची जागा खोलीपासून किती लांब आणि रस्ता वाळूचा की फरशीचा हेही विचारा. वाळूत बाबागाडी चालत नाही, आम्ही विमानातून नेली आणि तशीच आणली. स्वयंपाकघराला आधी सांगितलं तर बिनतिखटाचं वरण-भात करून देतात, आमच्याकडं तर बंगाली आचाऱ्यानं मूगडाळीची खिचडी आपल्यापेक्षा बरी केली. रात्री किती वाजता स्वयंपाकघर बंद होतं तेही विचारून ठेवा. आमचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस पुरली, तिसऱ्या दिवशी दमट हवेनं धपाट्याला बुरशी.

आता दुकानदार म्हणून बोलते. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरला, म्हणजे बोटीनं दीड-दोन तास, आणि प्रवासी बोटी रात्री नसतात. त्यामुळं मी तरी गोविंदनगरच्या बाजारापासून रिक्षानं पाच-दहा मिनिटांवरची जागा घेईन आणि राधानगरला दुपारी तीन-साडेतीनला रिक्षा करून जाईन. तापाचं औषध, ओआरएस, बोटीत मळमळ होऊ नये म्हणून द्यायचं औषध, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून घेऊन इथूनच न्या. डायपर मोजून न्या, तिथं हवा तो साइज मिळेलच असं नाही. आणि सँडफ्लाय. वाळूत बारीक माशी असते, सकाळी-संध्याकाळी घोट्याला चावते, तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी लाल गांधी उठतात आणि आठवडाभर खाज. तिथले लोक खोबरेल तेलाचा जाड थर लावतात, आम्हीही लावला. ज्या संध्याकाळी विसरलो ती थोरल्याच्या पोटऱ्यांवर पुढचे आठ दिवस दिसत होती. वाळूवरचं कॉटेज नको म्हणायला हेही एक कारण, लेकरू पायरी उतरलं की माशीच्या घरात.

राधानगरला लाइफगार्ड असतात, ते सांगतील तेवढ्याच भागात उतरा. अंदमानच्या खाड्यांत मगरी आहेत आणि तसे फलकही लावलेले आहेत, ते शोभेचे नाहीत. एलिफंट बीच या वयाला सोडून द्या.

हॉटेल मात्र एकच ठेवा. काही लोक दोन रात्री इथं, एक तिथं असं करतात. सव्वा वर्षाचं लेकरू नव्या खोलीत पहिली रात्र झोपत नाही, मग तीन रात्रींत दोनदा पहिली रात्र कशाला? नीलला (शहीद द्वीप) जायचं असेल तर हॅवलॉकची एक रात्र कमी करण्यापेक्षा सगळ्याच तीन रात्री नीलला काढा, बेट इटुकलं आहे आणि जेट्टीजवळच भरतपूरचा उथळ किनारा आहे. मला विचाराल तर तुमच्या लेकरांच्या वयाला नीलच जास्त मानवेल. पण तुम्ही हॅवलॉक विचारलंय.

तर तुमच्या दोन पर्यायांत: रस्त्यापलीकडचं साधं हॉटेल, पण व्हरांड्याचं, तळमजल्याचं, एसी जनरेटरवर चालणारं. वाचलेल्या पैशांत दोन दिवस राधानगरची रिक्षा आणि वर रोजची शहाळी होतात. पाच वर्षांखालच्या लेकराचे पैसे किती, जादा गादी फुकट की विकत, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. फोनवर "हो जाएगा" म्हणणारा माणूस काउंटरवर नसतो.

तारखा पक्क्या झाल्या की इथंच खाली लिहा, त्या दिवसांत ओहोटी किती वाजता येते ते बघून सांगते. तिथी मात्र तुमच्या घरच्या कालनिर्णयात आत्ताच बघून ठेवा.