शब्दावर बोट ठेवण्याआधी

बायबलच्या हिब्रूबद्दल बरेच प्रश्न साठले आहेत. व्याकरणाचे थोडे, मोबाइलचे जास्त. त्यांतले पाच आज घेतो.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा निवृत्त शिक्षक, श्रीरामपूरचा. मुलाने टॅब घेऊन दिला आहे. हिब्रूची सुरुवात ॲपवर करू की पुस्तकावर?

पाटीवर करा. थट्टा नाही. अक्षरं फक्त २२, त्यांतली पाच शब्दाच्या शेवटी रूप बदलतात. रोज चार गिरवलीत तर आठवड्याभरात हातात बसतील. अक्षरं नुसती स्क्रीनवर ओळखायला शिकलेल्यांचा घोळ दालेथ आणि रेश या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांमध्ये हमखास होतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं ६:४ हे वचन ‘एहाद’ म्हणजे ‘एक’ या शब्दावर संपतं. स्वरचिन्हं नसताना शेवटच्या दालेथला रेश समजलं तर तोच शब्द ‘अहेर’ म्हणजे ‘दुसरा’ असा वाचता येतो, आणि एकच देव सांगणाऱ्या वाक्याचं भलतंच काही होतं. म्हणून हस्तलिखितांत तो दालेथ मुद्दाम मोठा काढतात, असं परंपरा सांगते. (लग्नातला अहेर आठवला तर बरंच, लक्षात राहील.)

मग टॅब उघडा. मूळ मजकूर वाचायला स्टेप बायबल आणि सेफारिया ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. मखोन ममरे या संकेतस्थळावर अख्ख्या तनाखचं, म्हणजे हिब्रू बायबलचं, वाचन ऐकता येतं. तिथे रूथचं पुस्तक लावा. चारच अध्याय, ८५ वचनं, आणि गोष्ट सरळ. शब्द पाठ करायला अँकी हे ॲप घ्या. पन्नासहून जास्त वेळा येणारे शब्द साडेसहाशेच्या आसपास आहेत. तेवढे झाले की गोष्टींचे भाग बऱ्यापैकी उलगडतात. वयाचं म्हणाल, तर पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याच्या कामात आयुष्याच्या अखेरपर्यंत होत्या.

प्रश्न : ॲपमध्ये हिब्रू शब्दावर बोट ठेवलं की एक क्रमांक आणि अर्थांची यादी येते. प्रवचन तयार करताना त्यातला योग्य वाटेल तो अर्थ घ्यावा का? – नाशिक

नको. तो क्रमांक स्ट्राँग यांच्या १८९० सालच्या शब्दसूचीतला आहे. इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात कोणता मूळ शब्द कुठे आला, हे शोधण्यासाठी ती सूची केली. ते पत्त्यांचं पुस्तक आहे. घरात कोण राहतं ते त्यावरून कळत नाही.

मराठीतलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, वेळ लागतो, गाव लागतं, शाप लागतो, दिवा लागतो, मन लागतं. एखाद्या परदेशी माणसाने ही यादी पाहून ‘पुणे लागलं’चा अर्थ ‘पुण्याला आग लागली’ असा केला तर आपण हसू. हिब्रूत ‘नासा’ या क्रियापदाची हीच गत आहे. मूळ अर्थ उचलणं. पण डोळे ‘उचलले’ म्हणजे वर पाहिलं, कोणाचा चेहरा ‘उचलला’ म्हणजे त्याच्यावर मेहेरनजर केली, पाप ‘उचललं’ म्हणजे सोसलं किंवा क्षमा केली. उत्पत्ति ४:१३ मध्ये काइन जे म्हणतो, ते ‘माझी शिक्षा मला सोसवत नाही’ असंही वाचता येतं आणि ‘माझं पाप क्षमा होण्यापलीकडचं आहे’ असंही. इथे अभ्यासकांचंही एकमत नाही. यादीतला आवडीचा अर्थ उचलून हा वाद मिटत नाही.

दुसरा खड्डा खोल आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच ओळीतल्या ‘बारा’ म्हणजे ‘निर्माण केलं’ या क्रियापदाचा कर्ता, त्या साध्या रूपात, नेहमी देवच असतो. पण स्ट्राँगच्या त्याच क्रमांकाखाली यहोशवा १७:१५ मधलं जंगल तोडणंही आहे, कारण अक्षरं तीच. तिथे क्रियापदाचा साचा, हिब्रूत ज्याला बिन्यान म्हणतात, तो वेगळा आहे. आपल्याकडे ‘करणे’चं ‘करवणे’ होतं तसे हे साचे चालतात. म्हणून क्रमांकाने शोधू नका. ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठात १९७७पासून एक गट हिब्रू बायबलच्या प्रत्येक शब्दाचं व्याकरण संगणकात भरतो आहे. त्यावर उभं असलेलं शेबांक हे संकेतस्थळ फुकट वापरता येतं. तिथे ‘हे क्रियापद, हा बिन्यान’ असं नेमकं विचारता येतं. मिळतील ती वचनं ओळीने वाचा, मगच अर्थ ठरवा. संध्याकाळ जाईल, जाऊ द्या.

प्रश्न : गूगल ट्रान्सलेट किंवा चॅटबॉट चालेल का?

ट्रान्सलेटला आजच्या इस्रायलची हिब्रू येते. यहेज्केल १:४ मध्ये ‘हशमल’ शब्द आहे, ढगातल्या आगीच्या मध्ये चमकणारं काहीतरी. आजच्या हिब्रूत हशमल म्हणजे वीज, बिलं येतात तीच. संदेष्ट्याला दृष्टान्तात लाइट दिसले, असं समजू नका. चॅटबॉटला रूप ओळखायला सांगितलं तर तो बरोबर उत्तर ज्या ठामपणे देतो त्याच ठामपणे चुकीचंही देतो. माझ्या वर्गात त्याला परवानगी आहे, पण त्याच्या उत्तरातली चूक शोधण्यापुरतीच.

प्रश्न : मी संध्याकाळचा वर्ग घेते. नोट्समध्ये हिब्रू टाकलं की वचनांचे आकडे आणि कंस उड्या मारतात, टिंबं भलतीकडे जातात. – पुणे

देवनागरी डावीकडून, हिब्रू उजवीकडून, आणि आकडे-कंस कोणाचे हे यंत्राला कळत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे हिब्रूला स्वतंत्र ओळ द्या आणि त्या परिच्छेदाची दिशा उजवीकडून करा. टिंबांसाठी, म्हणजे स्वरचिन्हांसाठी, एझ्रा एसआयएल किंवा एसबीएल हिब्रू हा फाँट घ्या, टाइप करायला कीमनचा हिब्रू कळफलक. एक शब्द तरीही छळेल, यरुशलेम. त्यात बहुतेक ठिकाणी योद हे अक्षर लिहिलेलं नसतं, म्हणून लामेद या अक्षराखाली पताह आणि हिरिक ही दोन्ही स्वरचिन्हं येतात. युनिकोडचा ठरलेला क्रम त्यांची अदलाबदल करतो. ती रोखायला मध्ये एक अदृश्य चिन्ह घालावं लागतं. स्वतः जुळवत बसू नका, तयार पाठातून उचला.

आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या स्लाइड जशाच्या तशा दाखवू नका. ‘तू’ला क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं हे समजावायला ती पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. आपण ‘तू गेलास, तू गेलीस’ म्हणतोच. त्याशेजारी ‘हालाख्ता, हालाख्त’ लिहा, पाच मिनिटांत काम होतं. मराठीतून हिब्रू शिकवणं नवं नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३२ साली मराठीत हिब्रूचं व्याकरण काढलं होतं, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू मुलांसाठी.

प्रश्न : आजीकडे पुण्यात छापलेली जुनी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी आहे, हिब्रू आणि मराठी दोन्ही असलेली. नातवंडांना मराठी वाचता येत नाही. फोनने स्कॅन करून मजकूर काढता येईल का? – लोद, इस्रायल

१८७४ची आवृत्ती असेल तर आधी नीट सांभाळा. जुन्या छपाईतली टिंबं असलेली हिब्रू ओळखताना फोन फार चुका करतो. पण तिथे कष्ट करायचंच कारण नाही, हग्गादाचा हिब्रू मजकूर सेफारियावर तयार आहे. मेहनत मराठीवर करा. पान सपाट ठेवा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, फोन बरोबर वर धरा. देवनागरी बऱ्यापैकी ओळखली जाईल, उरलेलं आजीला वाचायला लावा आणि तिचा आवाजही रेकॉर्ड करा. पानांवर मनुकांच्या शरबताचे डाग असतील तर ते फोटोतून पुसू नका. दहा पीडांची नावं घेताना पेल्यातून थेंब थेंब काढतात, त्यामुळे ते पान कुठलं, हे डागांवरूनच कळतं.