वाचकांचे प्रश्न : एकट्याची सायकलसफर आणि कोलमडलेले वेळापत्रक

प्रश्न : गेल्या डिसेंबरमध्ये मी अलिबाग ते वेंगुर्ले हा प्रवास किनाऱ्यालगतच्या रस्त्याने, एकट्याने, सायकलवरून करायचे ठरवले होते. रोज ८० किलोमीटर असा हिशेब मांडून सगळ्या मुक्कामांचे पैसे आगाऊ भरले. पहिल्या दिवशी दिवेआगर गाठले. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनच्या पुढे मागच्या चाकाचा आरा तुटला, बागमांडल्याला पोहोचलो तेव्हा शेवटची फेरीबोट निघून गेली होती आणि हर्णैचा मुक्काम हुकला. मग मागे पडलेले अंतर भरून काढण्याच्या नादात दाभोळपर्यंत पायांचा पार भुगा झाला. शेवटी गुहागरहून टेम्पो करून चिपळूण गाठले आणि रेल्वेने परतलो. घरचे म्हणतात, पुन्हा जायचे तर सोबतीने जा. चूक एकटे जाण्यात होती की आखणीत? आरा तुटल्यावर काय करायला हवे होते? — एक वाचक, सांगली

उत्तर : आखणीत. सोबत कोणी असते म्हणून आरा तुटायचा राहिला नसता आणि दोघे आहेत म्हणून शेवटची फेरीही थांबली नसती.

देशावर ८० किलोमीटरचा दिवस सवयीच्या माणसाला जड नाही. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र किलोमीटर हे मापच फसवे आहे. येथे रस्ता खाडीच्या काठावरून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, शंभर-दीडशे मीटर चढतो, लगेच पुढच्या खाडीशी उतरतो आणि पुन्हा चढतो, त्यामुळे साठ किलोमीटरांत एकूण चढाई हजार मीटरच्या घरात सहज जाते, आणि ती दमट हवेत, घाम न वाळता करावी लागते. त्यात जयगडपर्यंतच्या वाटेवर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी येतात. फेरी चुकली तर पर्याय म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाने वळसा, आणि दाभोळसारख्या ठिकाणी तो दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला येणारा असतो, म्हणजे सायकलस्वाराचा आख्खा दिवस किंवा त्याहून अधिक. म्हणून फेरीच्या दिवशी पल्ला सकाळपासून पुढे न मोजता धक्क्यापासून मागे मोजावा. डिसेंबरात तिकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा धक्का दुपारी दोन-तीनच्या आत गाठता येईल एवढेच अंतर त्याआधी ठेवावे आणि पलीकडचा मुक्काम धक्क्याच्या जवळ धरावा. आपला हर्णैचा मुक्काम वेसवीपासून फार दूर होता. केळशीला थांबण्याचा विचार असता, तर आरा तुटूनही वेळ हाताशी राहिला असता.

आता आऱ्याविषयी. मागच्या चाकाचा आरा बहुतेक वेळा उजव्या, म्हणजे फ्रीव्हीलच्या (चेन ज्यावर फिरते त्या मागच्या दातेरी चक्रांच्या) अंगाचा तुटतो. फ्रीव्हीलला जागा करून देण्यासाठी हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, उजवी कडा आत सरकवलेली असते, त्यामुळे उजवे आरे डाव्यांपेक्षा अधिक ताणाखाली असतात. त्यावर कॅरिअरचे ओझे आणि आपले वजनही येते. तुटतो तो बहुधा हबजवळच्या वाकणात, आणि एका खड्ड्याने नव्हे, तर धातू थकत गेल्याने. ताण सारखे नसले की ही थकावट लवकर येते. निघण्यापूर्वी चाकाचा नुसता आऊट काढून घेणे, म्हणजे डगमग घालवून ते सरळ करून घेणे, म्हणूनच पुरेसे नसते. चाक सरळ फिरत असूनही एक आरा सैल आणि शेजारचा ताठ असू शकतो. शेजारशेजारचे दोन-दोन आरे चिमटीत दाबून पाहिले की बोटांना हा फरक लगेच कळतो.

वाटेत तुटलाच, तर आधी सामान उतरवावे आणि तुटका आरा शेजारच्याला गुंडाळून टाकावा, म्हणजे तो चेनमध्ये वा फ्रेममध्ये अडकणार नाही. उजवा आरा गेल्यावर रिम त्या जागी डावीकडे ओढली जाते आणि ब्रेकच्या गुटक्याला घासू लागते. अशा वेळी त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे डावे आरे अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत, उजवे तेवढेच कसावेत, आणि चाक फिरवून पाहत पाव-पाव फेऱ्याने पुढे जावे. एवढ्याने रिम पूर्ण सरळ होणार नाही, पण ३२ किंवा ३६ आऱ्यांचे चाक एका आऱ्यावाचून पुढच्या मोठ्या गावापर्यंत नीट जाते. मागचे ओझे शक्य तेवढे पुढे किंवा पाठीवर घ्यावे. गावातल्या दुकानात आरा मिळेल, पण तो तिथल्या साध्या सायकलींच्या मापाचा असेल, आणि आऱ्याचे माप मिलिमीटरमध्ये जुळावे लागते. म्हणून आपल्या मापाचे तीन-चार आरे फ्रेमला चिकटपट्टीने बांधून न्यावेत. उजव्या अंगाचा आरा घालायला फ्रीव्हील काढावे लागते, त्याचे हत्यार सगळीकडे नसते; फ्रीव्हील न काढता हबच्या भोकातून ओवता येणारा दोरीचा तात्पुरता आरा मिळतो, तो सोबत असणे बरे.

आपली सफर मोडली ती मात्र आऱ्यामुळे नव्हे. आगाऊ भरलेल्या पैशांनी आपल्याला पुढच्या मुक्कामाशी बांधून टाकले आणि एका संध्याकाळचा उशीर तुम्ही पायांनी फेडायला निघालात. मागे पडलेला पल्ला सरळ सोडून द्यावा: रत्नागिरीलाच सफर संपवावी, किंवा मधला तुकडा छोट्या हत्तीत सायकल टाकून पार करावा. पहिल्या रात्रीची खोली आधी घ्यावी, नाताळ ते नववर्ष या गर्दीत शनिवार-रविवारचीही घ्यावी, बाकीच्या ठिकाणी दुपारी फोन करून विचारले की सहसा भागते. कोकण रेल्वे किनाऱ्यापासून आत धावते, त्यामुळे कोठून बाहेर पडायचे हेही घरीच ठरवावे: श्रीवर्धनकडून माणगाव, दापोलीकडून खेड, गुहागरहून चिपळूण, मालवणहून कुडाळ. एसटीच्या भरवशावर राहू नये, कारण टपावर सायकल ठेवण्याची सोय आता सगळ्याच गाड्यांना राहिलेली नाही.

घरच्यांची काळजी रास्त आहे, परंतु तिचे उत्तर सोबत नव्हे, ठरलेली वेळ हे आहे. खाडीच्या उताराला फोनची रेंज जाते. तेव्हा सड्यावर असतानाच फोन करावा आणि पुढचा किती वाजता येईल ते सांगून ठेवावे. ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सोबतच्या कागदावरही लिहिलेले असावेत, कारण पडल्यावर फोन आपल्याच हातात असेल असे नाही.

प्रश्न : हाच प्रवास वेंगुर्ल्याहून सुरू करून उत्तरेकडे आले तर सोपा पडतो का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. हिवाळ्यात किनाऱ्यावर दुपारनंतरचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्याला तो ऐन थकव्याच्या वेळी समोरून लागतो. शिवाय फेऱ्यांचा सगळा गुंता शेवटच्या दिवसांत येतो. एकच सोय अशी की, अखेरीस मांडव्याहून भाऊच्या धक्क्याकडे येणाऱ्या रो-रो बोटीत सायकल घेता येते आणि मुंबईकराला सायकल रेल्वेने पाठवण्यासाठी पार्सल कार्यालयात जाणे टाळता येते. पण हीच बोट जाताना घेतली तरी अलिबागची सुरुवात तेवढीच सोपी होते.