न मागता सल्ला देण्यापूर्वी

आकाशनिरीक्षणाच्या गटात नव्याने आलेल्या माणसाला चार गोष्टी कळू लागल्या की त्या इतरांनाही सांगाव्यात असे वाटते, आणि ही इच्छा चांगलीच आहे. तथापि शेजारी दुर्बिणीत रमलेला असताना त्याने सल्ला मागितलेला नसताना तुम्ही सुरू केलेला उपदेश त्याचा आनंद हिरावून घेतो, हे तुम्ही ध्यानात ठेवावे.

समजा, कोणी शनीची कडी पहिल्यांदाच पाहत आहे. दुर्बिणीतले आरसे नीट जुळलेले नाहीत हे तुमच्या लक्षात आले, तरी त्या क्षणी काही बोलू नये; त्याचे मनसोक्त पाहून झाल्यावर "प्रतिमा आणखी स्पष्ट करता येईल, करून पाहू या का?" एवढे विचारावे आणि तो नको म्हणाला तर विषय तिथेच सोडावा. परवानगीशिवाय आरसे जुळवण्याच्या स्क्रूला हात लावणे तर नकोच. कोणती दुर्बीण घ्यायला हवी होती, हे खरेदीनंतर सांगण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

सूर्याच्या बाबतीत मात्र संकोच करू नये. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर योग्य सौर फिल्टर नसताना कोणी ती सूर्याकडे वळवत असेल, तर त्याला तत्काळ थांबवावे, कारण क्षणार्धात डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसवायचा छोटा फिल्टर उष्णतेने तडकू शकतो, म्हणून तो असला तरीही थांबवावेच.

पांढऱ्या टॉर्चविषयीही बोलावे लागते, कारण डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात आणि एका झोताने सर्वांचीच ती तयारी वाया जाते. पण ते त्या एकट्यालाच, हळू आवाजात आणि शक्यतो आपला लाल टॉर्च पुढे करून सांगावे.